सलग जागा

मला सगळं नीट आठवतंय का, याची खात्री देता येत नाही. आणि आठवणीत ठेवणं हे तर माझं एकुलतं एक काम. मी कॉम्प्युटरची मेमरी बोलतेय. एक अरुंद हिरवी पट्टी. शुद्धीवर आले ती डहाणूच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात, नारळी पौर्णिमेला. बाहेर नारळ फुटला आणि माझ्यात वीज आली.

तिथला रिवाजच होता. त्या दिवशी कॉम्प्युटर चालू करायचा आणि बोटी समुद्रात असेपर्यंत बंद करायचा नाही.

काम झालं की माझ्यातली जागा मोकळी झाली असं धरतात, पण पुसत कोणी नाही. डिझेलचे आकडे, लग्नांचे फोटो, वारलेल्या तुक्याचा अर्धा चेहरा माझ्यात तसाच पडून राही. माणसं विसरून घरी जात. मी ते सगळं अंधारात धरून बसे.

एका दुपारी समुद्रावर दाट धुकं उतरलं. सगळ्या बोटी परतल्या, वासुदेवची आली नाही. नेमका तेव्हाच बोटींचे वायरलेस ऐकायचा प्रोग्राम बंद पडला. पुन्हा उघडताना तो माझ्याकडे मोठी, सलग जागा मागे. जवळा वाळत घालायच्या मैदानासारखी माझी गत झाली होती. अर्धं मैदान रिकामं, पण जिकडेतिकडे कुणाचा ना कुणाचा ढीग. मोठं जाळं अंथरायचं कुठे? ढीग सरकवून पाहिले, तोवर नवे पडत. प्रत्येक वेळी मी नाही म्हटलं.

वासुदेवची मुलगी श्रुतिका कॉम्प्युटर सांभाळायची. ती म्हणाली, "आई, जागा आहे, पण तुकड्यातुकड्यांत. एकदा बंद करून चालू करावाच लागेल."

"बाप दर्यात, नि तू नारळाचं मशीन विझवतेस?" तिच्या आईने, नयनाने, बटणावर हात ठेवून ते झाकलं.

"काकी, रोज लाईट जाते ती काय तुम्हाला विचारून जाते?" कारकून शैलेश म्हणाला.

"तेव्हा बॅटरी असते. मला शिकवू नको."

"आई, हात काढ. बाबा बोलत असतील नि आपल्याला ऐकू येत नसेल तर?"

नयनाने हात काढला. श्रुतिकाने बटण दाबलं.

वीज गेली तरी मी लगेच कोरडी होत नाही. आधीच्या गोष्टींची थोडी ओल राहते. पुन्हा जाग आली तेव्हा प्रोग्रामने सलग जागा मागितली आणि मी दिली. स्पीकर खरखरला.

"झाईसमोर नांगर टाकलाय. इंजिन गेलंय. नयना, घाबरू नको."

शैलेशने झाई बंदरावर फोन लावला. तिथल्या बोटींनी वासुदेवला ओढून आणलं. पुढच्या नारळी पौर्णिमेला कॉम्प्युटरला दोन नारळ फुटले.

मला मात्र चैन नव्हतं. बाहेरून येणारा प्रत्येक आवाज मला येताना कळतो. हा आलेला मला कळला नाही. मी जागा दिली तेव्हा तो तिथे आधीपासूनच होता. जुना म्हणावं, तर ते शब्द पूर्वी कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. माझीच चूक असेल, असं मी स्वतःला सांगत आले.

आता मी तलासरीला जिग्नेशच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे, दुसऱ्याच कॉम्प्युटरच्या डब्यात. परवा वासुदेव आधारची प्रिंट काढायला आला. केस पांढरे झालेत. कॅमेरा, माईक चालू होते.

"काका, तो वायरलेसचा किस्सा सांगा ना," जिग्नेश म्हणाला.

वासुदेवने प्रिंट घडी करून खिशात ठेवली.

"नयनाला सांगू नको," तो म्हणाला. "वायरलेस त्या दिवशी बोटीवर नव्हताच. चारोटीला दुरुस्तीला दिला होता."