फायबरच्या पोटातलं लाकूड

मी फायबरची होडी बोलतेय. मुंबईच्या दारूखाना बंदरात, जुनी जहाजं मोडतात तिथे, भंगारवाल्याच्या कुंपणाला लागून पडलेली निळी होडी पाहिली असेल, तर ती मीच. लोक माझ्यावर थाप मारून म्हणतात, "फायबर आहे, याला काय होतंय?" इथेच माणसं फसतात. बाहेरून मी फायबर, पण पोटात दोन लांब लाकडी दांडे आणि त्यांच्यावर प्लायचा डेक. माझं सगळं बळ त्या दांड्यांत.

घोडपदेवचा सिल्वेस्टर आणि काळाचौकीचा रघुवीर एकाच ऑफिसातले. दोघांनी मिळून मला घेतलं. रविवारी गळ टाकून बसायचे. मासे थोडे, गप्पा फार. दर नारळी पौर्णिमेला मला रंगाचा नवा हात मिळायचा, नारळ फुटायचा. माझं कौतुक खूप झालं, पण डेकखाली कुणी डोकावलं नाही. स्क्रूच्या भोकांतून पाणी आत मुरायचं आणि वरून रंग त्याला कोंडून ठेवायचा.

एका रविवारी सिल्वेस्टरचा पाय गुडघ्यापर्यंत डेकमधून आत गेला. नेहमीसारखी धक्क्यावर वाट बघत उभी असलेली त्याची बायको फ्लोरी भडकली. "कापून टाक ती होडी. मला नवरा हवाय, मासे नकोत." शेजारचा भंगारवाला लगेच मला न्याहाळू लागला. मला त्याचा भारी राग आला.

सिल्वेस्टरने नारळी पौर्णिमेपर्यंत मुदत मागितली. "दिली," फ्लोरी म्हणाली. "पण आधी मी बघणार. नापास झाली तर कापायची."

रघुवीर मंडळाच्या गणपतीची सजावट करणारा. प्लाय आणि कापड हातात द्या, तो राजवाडा उभा करेल. त्याने मंडपातला उरलेला प्लाय आणला, कुजक्या दांड्यांवरच ठोकला आणि वर झकास रंग चढवला. मी नवरीसारखी दिसत होते. आत मात्र नुसता भुसा.

फ्लोरी आली. ख्रिसमसचा केक आतून भाजला का बघायला सुरी खुपसतात, तसा तिने कडेच्या फटीतून दांड्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत गेला. बाहेर आला तो तपकिरी पाणी घेऊन.

"भावजी, तुमचा मंडप दहा दिवसांनी मोडायचाच असतो," ती म्हणाली. "ही भर पाण्यात मोडली तर?"

रघुवीरचा चेहरा उतरला. "वहिनी, चुकलंच माझं," म्हणत त्याने स्वतःच हातोडी घेऊन तो प्लाय उचकटला.

पौर्णिमेला अजून दिवस होते, म्हणून फ्लोरीने आणखी एक संधी दिली आणि मग खरं काम सुरू झालं. माझा आकार बिघडू नये म्हणून खाली वाळूची पोती रचली. एक दांडा काढायचा, त्या जागी नवा बसवायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन्ही एकदम काढले असते तर मी पापडासारखी वाकले असते. ग्राइंडर फिरला तेव्हा दुखलं, खोटं कशाला सांगू? पण फायबरच्या धुळीने ते दोघंही खाजवून हैराण झाले, तेव्हा जरा बरं वाटलं. नव्या लाकडाच्या प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाला त्यांनी पाणी अडवणारं रेझिन पाजलं. वर मरीन प्लायचा डेक बसवला. रंग मात्र सगळ्यात शेवटी.

आज नारळी पौर्णिमा, भरती आहे. मला पाण्यात ढकललंय, पण दोर अजून बांधलेला आहे. सिल्वेस्टर आणि रघुवीर चढले आणि श्वास रोखून उभे राहिले. मग फ्लोरी चढली. मधोमध उभी राहून तिने दोनदा पाय आपटला. मी हूं का चूं केलं नाही. मी पक्की आहे, हे मला ठाऊक होतं. तिला कळायचं होतं.

ती उतरेल म्हणून सिल्वेस्टरने हात पुढे केला. तिने तो धरला आणि खालीच बसली.

"काय बघतोस? सोड दोर."

तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी आत एकदा बघा. एवढंच सांगते. इतकी वर्षं धक्क्यावर उभी राहून नवऱ्याची वाट बघणारी बाई आज माझ्यात बसली आहे. मला आता बोलत बसायला सवड नाही.