जिल्हा ओलांडल्यावर बोलायचं

मला कॅन्सर झाला होता, हे सांगण्यासाठी मला आधी जिल्हा ओलांडावा लागतो. थट्टा नाही. सरकारने उस्मानाबादेतून लातूर वेगळं काढलं, आमचं उदगीर त्या नव्या जिल्ह्यात गेलं, आणि आमच्या ह्यांनी त्याच जिल्ह्याची हद्द माझ्या तोंडाला लावून दिली. "तपासणीच्या शिबिराला जा, बायकांना समजाव, मीबी येतो संगं. पण आपल्या जिल्ह्यात तो शब्द काढू नको. काय बोलायचं ते तिकडं नांदेडात बोल."

कारण आमची उमा. आईला असला रोग म्हटल्यावर मुलीला कोण करून घेणार? म्हणून मी मुंबईला इस्पितळात होते तेव्हाच सासूबाईंनी अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं, नीलम्माला मुतखडा झालाय. पुढे सासूबाई गेल्या, मुतखडा तेवढा राहिला. मी घरी परत आले तेव्हापासून शेजारणी मुतखड्यावर म्हणून मला कुळथाचं पाणी आणून द्यायच्या. मी ते मुकाट्याने प्यायचे.

माझा रोग गर्भपिशवीच्या तोंडाचा. कापाकापी झाली नाही, मशिनीखाली शेक दिला, बरं वाटलं. अंगावर दाखवायला एक व्रणसुद्धा नाही. म्हणजे माझ्याकडे पुरावा काय, तर माझी जीभ. आणि तिला हद्द.

त्या उन्हाळ्यात आमचं बायकांच्या तपासणीचं शिबिर नांदेडातल्या मुखेड तालुक्यात, एका गावी होतं. पाऊस दोन वर्षं नीट झालेला नव्हता. टँकर सकाळी येऊन गेला होता, म्हणून दुपारी बायका तरी मोकळ्या सापडल्या. लातूरच्या डॉक्टरीणबाई शाळेच्या खोलीत तपासत होत्या. हे ओसरीवर जेवण वाढत होते. उदगीरच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, ह्यांची आडत आहे, प्रत्येक शिबिराला ज्वारीचं पोतं ह्यांचं, आणि भाकरी-पिठलं वाढायचं तेही स्वतःच्या हाताने. त्याला हे दासोह म्हणतात, आम्हा वीरशैवांची अन्नसेवा. माणूस देवासारखा आहे हो. फक्त एका शब्दाला घाबरतो.

केवळाबाई नावाची बाई तपासून बाहेर आली. वय पस्तिशीचं, पाळी नसताना अंगावरून जातंय, असं किती महिने चाललंय ते तिलाच नीट सांगता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "नीलम्माबाई, हिला आजच जीपमध्ये लातूरला न्यायचं. तुकडा काढून तपासायला हवा, पण मला तेच वाटतंय. आत्ता गेली तर वाचेल. आपलं पुढचं शिबिर दिवाळीनंतर. तोपर्यंत थांबली तर काही खरं नाही."

मी केवळाबाईला आणि तिच्या सासूला, कस्तुराबाईला, भिंतीशी बसवून सगळं सांगितलं, आधी लातूर, मग शेक घ्यायला मुंबई. केवळाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कॅन्सर म्हन्लं की मानूस गेलंच. मरायचंच हाय तर आपल्या घरात मरते की. मुंबईला कशाला जाऊन मरू?"

"अगं, मरत नाही. मी नाही का जगले?"

"तुमाला कुठं झालता?"

"मलाही हाच झाला होता."

ती हसली. कस्तुराबाईही हसली. "झाला असता तर हितं बसून बोलल्या असत्या का?" म्हातारी म्हणाली.

हे मला प्रत्येक गावात ऐकावं लागतं. मी जिवंत आहे, म्हणून मला कॅन्सर झालाच नव्हता! मग काय मरून येऊन सांगू? पण त्या दिवशी एवढ्यावर भागलं नाही. पाणी पिऊन तांब्या ठेवत एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "नीलम्मा अक्का? अगबाई, तुमी हितं?"

महानंदा. आमच्या गल्लीतली, वीरशैवाचीच मुलगी. ती ह्या गावात दिलेली आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. जिल्ह्याची हद्द आखणाऱ्यांच्या आणि ह्यांच्या, दोघांच्याही लक्षात एक गोष्ट येत नाही, की मुली हद्दीपलीकडेच दिलेल्या असतात. त्यात महानंदा म्हणजे देगलूरच्या मुलाची सख्खी मावशी. त्याच मुलाशी आमच्या उमाची बोलणी चालली होती. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

"काय म्हन्ता, अक्काला कॅन्सर?" महानंदा बायकांवरच चिडली. "तोंडाला येईल ते बोलू नका. अक्काला मुतखडा झालता. आमच्या साऱ्या गल्लीला ठाव हाय."

बिचारी माझी अब्रू राखत होती. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केवळाबाई पदर झटकून उठली. "बघा, खोटं बोलून न्यायला लागल्या," असं सासूला म्हणाली आणि निघालीच.

मी मोठ्याने हाक मारली, "अहो! इकडे या जरा."

हे भाकरीची टोपली हातात घेऊनच आले. महानंदाला पाहिलं आणि जागीच थांबले.

"ह्या बाईला सांगा, मला काय झालं होतं."

"नीला, जेवणं होऊ दे, मग..."

"आत्ता सांगा. ती घरी चाललीय मरायला. तुम्ही सांगितलं तर जीपमध्ये बसेल. माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील."

ह्यांनी महानंदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मुंबईत हा माणूस धर्मशाळेत राहिला होता. कधी चूल न पेटवलेला आडत्या माझ्यासाठी पेज करून डब्यात आणायचा आणि मी ओकले की माझं तोंड पुसायचा. मला वाटलं, आता बोलतील. बोलतीलच.

"खडे होते," हे म्हणाले. "मुतखडा."

एवढं बोलले आणि ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून टोपली धरून तसेच उभे राहिले.

मला त्यांची कीव आली नाही. ती टोपली हिसकावून फेकून द्यावी असं वाटलं. एक बाई मरणाच्या दारात उभी आहे आणि ह्या माणसाला अजून सोयरीक सुचते!

केवळाबाई मात्र पायरीवरून ह्यांच्याकडे बघत राहिली. मग परत वर आली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, माझं लुगडं आन् चादर बांधून आना. मी जाते."

"अगं, ते खडे म्हन्ले की!"

"म्हन्ले. पन मुतखड्यापायी कुनाचा नवरा असा रडतो व्हय?"

कस्तुराबाई उठून गाठोडं बांधायला गेली. हे टोपली घेऊन ओसरीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. महानंदाने केवळाबाईचं बोलणं ऐकलं होतं, तिला सगळं उमगलं होतं. ती माझ्याजवळ आली, हात धरला आणि हळूच म्हणाली, "अक्का, काळजी करू नका. मी देगलूरला काई बोलनार न्हाई."

किती मायेने म्हणाली! आणि मला ओरडावंसं वाटलं, बोल गं बाई, सांग सगळ्यांना, देगलूरला सांग, उदगीरला चौकात उभी राहून सांग. तोंडापर्यंत आलं होतं. पण उमा डोळ्यांपुढे आली. मी महानंदाचा हात दाबला आणि मान हलवली.

जीप निघाली. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागे नर्स आणि डॉक्टरीणबाई, समोर मी आणि गाठोडं मांडीवर घेतलेली केवळाबाई. थोडं पुढे गेल्यावर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अक्का, मी बरी होऊन परत आले, की मीबी खडेच सांगू का? माझीबी पोरगी हाय घरात."

"अजिबात नाही," मी तिच्यावर जवळजवळ खेकसलेच. "तू नाव घेऊन सांगायचं. तुझ्याच गावात, तुझ्याच दारात."

"आन् तुमी?"

तिने टोमणा मारला नव्हता, सरळ मनाने विचारलं होतं. ह्यांच्यावरचा सगळा राग तिथल्या तिथे माझ्यावरच उलटला.