डाव्या हातातली कवळी

या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही. आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्याने हसून विषय बदलला. तुम्हीही ठेवणार नाही. नका ठेवू. पण यातली कवळी खरी, हात खरा, आणि आई तर इतकी खरी, की तिची आठवण झाली की अजून हिरड्या ठणकतात.

एक कवळ्यांचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे कारखाना. मागे खिडकीपाशी थोरला बसायचा. मेणात एकेक दात बसवायचा, प्लास्टरचे साचे ओतायचा, गुलाबी हिरड्यांना अशी झिलई द्यायचा, की गिऱ्हाईक नवी कवळी घालून तिथल्या तिथे अक्रोड फोडून बघायचं. डोळे मिटून नुसती बोटं फिरवली, की कुणाची कवळी ते नावानिशी सांगायचा. पुढे धाकटा बसायचा आणि गोड बोलायचा. दुकान आईचं. तिच्या तोंडातली कवळीही थोरल्याच्याच हातची, आणि त्याच दातांनी ती उठता बसता त्यालाच चावायची.

थोरल्याला आकडी यायची. वाढत वाढत रोजची झाली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी डोकं उघडून मेंदूच्या दोन भागांमधला पूलच कापला. आकडी थांबली. मग डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं, थोरल्याचे हात कापडाखाली घेतले आणि उजव्यात चमचा दिला.

"चमचा," थोरला म्हणाला.

तोच चमचा डाव्या हातात दिला.

"पेन्सिल," थोरला बिनदिक्कत म्हणाला.

आता त्याच डाव्या हाताला ढिगातून तीच वस्तू शोधायला सांगितली. हाताने सरळ चमचा उचलला.

"उजव्या हाताचं डाव्या मेंदूला कळतं आणि बोलतो तोच," डॉक्टर म्हणाले. "डाव्या हाताचं उजव्या मेंदूला कळतं. तो हुशार आहे, पण मुका. आधी पुलावरून निरोप जायचा, आता जाणार नाही. तोंड मात्र गप्प बसायचं नाही. काहीतरी ठोकून देईल."

"आणि डोळ्यांनी बघितलं तर?" आपल्या ऐकणाऱ्यांतल्या चष्मेवाल्या मावशींनी विणता विणता विचारलं.

उघड्या डोळ्यांनी सगळं ठीक, मावशी. उघड्या डोळ्यांनी तो पूर्वीसारखीच कवळी करत होता. डोळे बांधले, की डाव्या हाताचं तोंडाला कळत नाही म्हणजे नाही. आता मधे बोलू नका.

धाकट्याला आयतं खेळणं मिळालं. पाहुणे आले, की टेबलाखालून दादाच्या डाव्या हातात वस्तू सरकवायची. साबण दिला, दादा म्हणाला "बटाटा". घर हसून लोटपोट. एकदा त्याने मेलेलं उंदराचं पिल्लू ठेवलं. हाताने ते झटकून भिंतीवर फेकलं. तोंड म्हणालं, "लोकरीचा गुंडा होता, सुटला हातातून." थोरलाही सगळ्यांबरोबर हसला. पण छाती का धडधडतेय, ते त्याला काही केल्या कळेना.

मग एक दिवस आईने जाहीर केलं, "मी थकले. दुकान एकाच्याच नावावर करणार. पण डोकं फाडून आलेल्याच्या हाती लोकांचे दात कसे द्यायचे? रविवारी डोळे बांधून कवळी ओळखायची. ओळखलीस तर दुकान तुझं. नाहीतर खिडकी सोडायची आणि जन्मभर धाकट्याच्या हाताखाली मोरीत प्लास्टरची भांडी घासायची."

थोरला निश्चिंत होता. उजवा हात होता ना! रोज डोळे मिटून उजव्याने कवळ्या चाचपायचा आणि नावं घ्यायचा. एकही चुकत नव्हती.

रविवारी सकाळी धाकट्याने हाक मारली, "दादा, जरा साचा धर रे, सरकतोय." थोरल्याने उजव्या हाताने साचा शिकंज्यात धरला. धाकट्याने दांडा फिरवला.

"अरेरे, बोटं होती होय तिथं?" असं म्हणत त्याने सोडवण्यासाठी आणखी अर्धा फेरा दिला. सोडवायच्या नव्हे, आवळायच्या बाजूला.

दुपारी उजवा हात फ्लॉवरच्या गड्ड्याएवढ्या पट्टीत.

"आई, पट्टी निघेपर्यंत थांबा," थोरल्याची बायको म्हणाली.

"गिऱ्हाईक थांबतं का पट्टी निघेपर्यंत? डावा आहे की."

"मग नाव विचारू नका. तशीच दुसरी शोधायला सांगा. त्या हाताला येतं."

"वा, वहिनी!" धाकटा म्हणाला. "गिऱ्हाइकाला काय सांगायचं? बसा, हात विचार करतोय?"

डोळे बांधले. आईने स्वतःच्या तोंडातली कवळी काढली, रुमालाला पुसली आणि थोरल्याच्या डाव्या तळहातावर ठेवली.

"बोल, दादा. काय आहे? कुणाचं आहे?"

अंगठा हिरडीवरून फिरला. मागे, जिथे आईला टोचायचं म्हणून कानशीने घासून दिलं होतं, तिथे थांबला. पुन्हा एकदा तिथूनच फिरला. हाताला सगळं कळलं. थोरल्याने जीव खाऊन आठवून बघितलं, कपाळावर घाम आला. खिडकी, मेण, ऊन, सगळं हातचं जाताना दिसलं, आणि तोंड म्हणालं, "कंगवा."

धाकटा खो खो हसला. पण हात थांबला नव्हता. त्याने कवळी सुलटी केली, आईच्या दिशेने गेला, हनुवटी शोधली आणि गिऱ्हाइकांचा दाबायचा तसा खालचा ओठ अलगद दाबला. म्हातारीने बोळकं वासून किंकाळी फोडली.

"आईवर हात टाकतोस?" धाकट्याने खाडकन कानाखाली वाजवली. बायको मधे पडली, तिलाही एक बसली. डाव्या हाताने कवळी सोडली नाही.

आणि मग चमत्कार झाला! डोळे बांधलेलेच, उजवा हात पट्टीतच, पण थोरला खणखणीत आवाजात म्हणाला, "आई, ही तुझी कवळी. मागे टोचत होती, तिथे मीच घासून दिली होती!" म्हातारी ढसाढसा रडली, दुकान थोरल्याचं झालं, धाकटा मोरीत गेला, आणि...

"थापा!" मावशींनी सुया खाली ठेवल्या. "कवळी डाव्या हातात होती ना? मग तोंडाला सांगितलं कुणी? तो कंगवाच म्हणत राहिला. आणि भांडीही तोच घासतोय."