प्रशीलच्या नावाने

माणूस काढून टाकायचा आणि त्याचं नाव मात्र नऊ महिने कामाला जुंपून ठेवायचं, असं ऑफिस जगात एकच असेल. मी तिथेच नोकरी करते.

जळगावात आमची चौदा जणांची कंपनी. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागांना ठिबकचं पाणी कधी सोडायचं, कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा, हे आमचं सॉफ्टवेअर ठरवतं. ते ज्या भाड्याच्या सर्व्हरांवर चालतं, त्या सगळ्यांना मिळून आम्ही क्लस्टर म्हणतो. त्याला हुकूम द्यायचं दार एकच. तिथे आधी विचारलं जातं, तू कोण? आपण आपल्या नावाचं सर्टिफिकेट असलेली फाइल दाखवायची, की दार उघडतं. पुढे जे काही करू ते त्या नावावर नोंदवलं जातं.

हे दार बसवलं प्रशीलने. नरडाण्याचा, माझ्याच वयाचा आणि माझ्यापेक्षा हुशार, हे मी तेव्हा मेले तरी कबूल केलं नसतं. सुरुवातीला घाई होती म्हणून त्याने आपली फाइल आम्हा चौघांना दिली, आणि पुढच्याच आठवड्यात म्हणाला, प्रत्येकाची वेगळी करून देतो. आमचे मालक हितेंद्रभाऊ हसले. "अरे, घरातल्या घरात कशाला कुलपं?" आम्हीही हसलो. आमच्याकडे एकाचा डबा उघडला की सगळ्यांचे हात आत जातात, फाइलचंही तेच झालं. काम पाच जण करायचे आणि नोंद एकट्या प्रशीलच्या नावाने व्हायची.

मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर असताना, एका दुपारी सगळ्या बागांची वेळापत्रकं पुसली गेली. बॅकअप काढला तर तो चार महिन्यांपूर्वीचा. दोन दिवस पाणी सुटलं नाही आणि घड लागलेली झाडं मोडून पडली. शेतकरी ऑफिसात येऊन ओरडले, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. भाऊंनी नोंद काढायला लावली. पुसणाऱ्याचं नाव होतं प्रशील. त्याच संध्याकाळी त्याला घरी पाठवलं.

तो सांगत होता, फाइल सगळ्यांकडे आहे. आम्हाला ते माहीत नव्हतं थोडंच! पण चौघेही मुकाट्याने की-बोर्डकडे बघत बसलो. प्रशील बौद्धवाड्यातला. त्याच्या जागी भाऊंचा भाचा असता तर ती नोंद दोनदा वाचली गेली असती. हे तेव्हा कोणी बोललं नाही, मीही नाही, म्हणून आता बोलते.

दोन दिवसांनी त्याचे वडील आले. वाल्मीक आबा, एसटीतले निवृत्त कंडक्टर, तीस वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते भाऊंसमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "माझ्या मुलाने केलं का, एवढंच मला दाखवा," म्हणाले. भाऊंनी मला हाक मारली. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. आबांनी चष्मा पुसला, इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली. "नाव तर त्यानंच शे," स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग मला म्हणाले, "आभारी आहे, बाई."

त्यानंतर आम्ही काय केलं? तीच फाइल वापरत राहिलो. बदलायची म्हणजे डोकेदुखी, आणि चालतंय ना, मग चालू दे.

फेब्रुवारीत एका सोमवारी सगळ्यांना दार बंद झालं. सर्टिफिकेटची वर्षाची मुदत संपली होती. भाऊ मला म्हणाले, "दिपमाला, आता एकदाचं नीट कर." मी तीन दिवस बसले. आता प्रत्येकाने ऑफिसच्या स्वतःच्या ईमेलने आत यायचं, स्वतःच्या नावाचा तासाभराचा पास मिळणार, तास संपला की दार पुन्हा विचारणार. नुसतं बघायची परवानगी कोणाला आणि पुसायची कोणाला, याच्या याद्या करायच्या होत्या. त्यासाठी आजवर कोण काय करत होतं ते पाहावं म्हणून मी जुन्या नोंदी उघडल्या.

ओळीमागून ओळ, प्रशील. गणपतीत प्रशील, दिवाळीत प्रशील, मागच्या शुक्रवारीही प्रशील. तो माणूस तिकडे नरडाण्याला एमआयडीसीत वजनकाट्यावर बसत होता आणि इकडे आमची पाच पैशांची कामंसुद्धा करत होता. मला भाऊंचा असा राग आला! मग नजर शेजारच्या रकान्यावर गेली. त्यात हुकूम कोणत्या मशीनवरून आला त्याचा नंबर असतो. हे नंबरही प्रशीलनेच ठरवून दिले होते आणि प्रत्येक लॅपटॉपच्या पोटाला चिठ्ठी चिकटवली होती. मे महिन्यातली ती दुपार शोधली. सतरा नंबर.

मी माझा लॅपटॉप उलटा केला. सतरा.

त्या दुपारी मी चाचणीची वेळापत्रकं पुसत होते. स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी, एक चाचणीची, एक खऱ्या बागांची. हुकूम गेला खऱ्या बागांच्या खिडकीत, आणि मी जेवायला गेले. आठवड्याने चाचणीची वेळापत्रकं तशीच दिसली, तेव्हा मी ती पुन्हा पुसली. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, की मी पडू दिला नाही, देव जाणे. बघायला वीस मिनिटं लागली. नऊ महिन्यांत मला ती वीस मिनिटं मिळाली नव्हती.

भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, दिपमाला."

"मूठ माझी आहे भाऊ, आणि मी ती उघडते आहे."

कंपनीच्या कागदावर मीच पत्र लिहिलं. वेळापत्रकं दिपमालाने, तिच्या मशीनवरून पुसली, प्रशीलचा त्यात काडीचाही दोष नाही. पत्र वाल्मीक आबांच्या नावे केलं. आपण निर्दोष आहोत हे प्रशीलला वेगळं कळवायची गरज नव्हती. आमच्यातला अभिमन अमळनेरचा, त्याच्या कानावर दिवाळीत आलं होतं की त्या बापलेकांचं बोलणं बंद आहे. मला आबांना ते पत्र हातात द्यायचं होतं, बोट ठेवून पुन्हा वाचून दाखवायचं होतं. भाऊ सही करेनात. मग मी म्हटलं, शेतकऱ्यांना मीच फोन करून खरं सांगते. तेव्हा केली.

रविवारी सुरतेकडच्या गाडीने निघाले, अमळनेर मागे पडलं आणि नरडाण्याला उतरले. घर विचारत गेले. दारात लिलाबाई, प्रशीलची आई, सुपात मठ, म्हणजे मटकी, निवडत बसल्या होत्या.

"आबा आहेत का?" मी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. "गयात ना, पोरी. बावीस दिन व्हयनात."

आत भिंतीवर आबांच्या फोटोला हार होता. मी पायरीवर बसले. आतून प्रशील आला. मला पाहून त्याला नवल वाटलं नाही. मी पत्र पुढे केलं. त्याने उभ्यानेच वाचलं आणि परत घडी घातली.

"तुला माहीत होतं?"

"नंबर मीच दिले होते ना. त्याच दिवशी बघितलं मी."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं ना. भाऊ एकटे असताना घेतलं. ते म्हणाले, आता पोरीवर ढकलतो का? मग घरी आबांना सांगितलं. तोवर आबा तुला भेटून आले होते. म्हणाले, तिनं बोट ठेवून दाखवलं मला. ती चुकलेली असती तर बोट थरथरलं असतं."

त्याने पत्राची घडी आणखी लहान केली.

"मी चुकलो म्हणून रागावले नव्हते ते. माणूस चुकतो, म्हणाले. पण स्वतःचं पाप दुसऱ्याच्या लेकीच्या पदरात घालतोस, म्हणाले, हे मी नाही शिकवलं तुला. त्या दिवसापासून बोलले नाहीत. दवाखान्यातही नाही."

लिलाबाईंच्या हातातलं सूप मांडीवर आलं होतं. "हाई तीच शे का?" त्यांनी प्रशीलला विचारलं.

"हा, माय."

त्या माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं, ओरडायला हवं होतं. त्या लेकाकडेच बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोडत गेला.

"मी बी तुनं खरं मानं नही रे, पोरा," त्या म्हणाल्या. "मी बी नही."

प्रशील खाली बसला आणि त्याने आईचा हात धरला. दोघांपैकी कोणीच माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांनी पाहावं असं माझ्याजवळ काही नव्हतं.