हिसका तिचा, नाव माझं

मी एक जुना इअरफोन आहे, तारेचा. जुना म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. मित्रांनो, डबीत झोपणाऱ्या त्या बिनतारेच्या नाजूक मंडळींनी जितके दिवस पाहिले नसतील, तितकी वर्षं मी दोन बायकांचे कान सांभाळले आहेत.

कारखान्यातल्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. हजारभर भावंडं एका दांडीला लटकलेली, कोण कुणाला विचारतो? माझं खरं आयुष्य सुरू झालं ते दोन जावांच्या मधोमध. दोघी दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला. दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या, आणि घरापासून तिथवर पाऊण तास पायी जायचं. मी येण्याआधी त्या पाऊण तासात सासूपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळ्यांवरून खटके उडत. कंटाळून धाकटीने मला विकत आणलं, उजवा कान स्वतःला घेतला, डावा थोरलीला दिला आणि मोबाइलवर एक पॉडकास्ट लावला. त्यात एक म्हातारी सुईण आपल्या हातून झालेल्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगायची.

झालं! दोघींच्या तोंडाला कुलूप लागलं. थोरली ढांगा टाकणारी, धाकटी टुकूटुकू चालणारी. पण माझी तार हातभरच लांब. पाऊल जुळवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पुढे चादरींच्या घड्या घालतानाही ती पावलं जुळू लागली, कोपऱ्याला कोपरा नेमका बसू लागला. मुकादमीण बाईंनी सगळ्यांसमोर दोघींचं कौतुक केलं. माझं नाव कुणी काढलं? कशाला काढतील!

दोघींचा एक नियम होता. एकटीने पुढचं ऐकायचं नाही. ऐकायचं ते चालताना, मिळून.

मग थोरलीच्या लेकीने तिला बिनतारेची जोडी आणून दिली. भांडी घासता घासता थोरल्या बाईंनी गुपचूप पुढचा भाग उरकला. दुसऱ्या दिवशी वाटेत तोच भाग लागला. बाळंतीण अडलेली, बाळ अजून रडायचं होतं, सुईण श्वास रोखून बोलत होती, आणि आमच्या थोरलीने "सुटली बिचारी" म्हणून सुस्कारा टाकला.

धाकटी जागच्या जागी थांबली. "जाऊबाई, तुम्ही पुढचं ऐकलंत."

चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते तेव्हा बघायला हवं होतं. आपल्यावर संशय घेते म्हणून थोरली उलट तिच्यावरच उखडली, कानातून मला हिसकलं, आणि माझी डावी तार आतल्या आत तुटली. वर मला आपल्या पिशवीत कोंबत म्हणते कशी, हा इअरफोनच भिकार, जुना झालाय. मी भिकार? चोरून ऐकलं कोणी, ओढलं कोणी, आणि भिकार मी?

पंधरा दिवस मी थोरलीच्या पिशवीच्या तळाशी पडलो होतो, अंगाच्या गाठी झालेल्या. जावा रस्त्याच्या दोन कडांनी चालायच्या. चादरींच्या घड्या तिरक्या पडू लागल्या. शेवटी मुकादमीण बाईंनी बजावलं, सोमवारपासून दोघींना वेगवेगळ्या पाळ्यांत घालते. मग ना सोबत जाणं, ना सोबत येणं.

त्याच संध्याकाळी थोरली मला घेऊन मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, उजवा चालेल, डावा मेला. "जुनी वस्तू आहे मावशी, तुटायचीच."

थोरली त्याच्यावर कडाडली, "जुनी म्हणून नाही तुटली. तू तुझं काम कर."

सकाळी तिने दारातच उजवा कान धाकटीपुढे धरला.

"आणि तुम्ही काय ऐकणार?" धाकटीने विचारलं.

"माझं ऐकून झालंय."

एवढंच बोलली. एवढं बोलायला बाईसाहेबांना पंधरा दिवस लागले! धाकटीने मला कानाला लावलं. माझा मेलेला डावा कान थोरलीने आपल्या कानात खोचला आणि काहीही ऐकू येत नसताना ती धुलाईखान्यापर्यंत पाऊल जुळवून चालली. पाळी बदलायची वेळ आली नाही.

मित्रांनो, जावेला तिने पाऊल जुळवून परत मिळवलं. मला मात्र अजून कुणी "चुकलं" म्हटलेलं नाही. तुम्ही तरी शहाणे व्हा. आम्हाला कोंबू नका, तारेला धरून ओढू नका. आणि काही तुटलंच, तर वस्तूला नावं ठेवण्याआधी आपला हात कुठे होता ते बघा.