मी मिटून राहिले, ते गाव

मी सांगतेय ते सगळं असंच घडलं, अशी हमी मला देता येत नाही. मी एक घडीची खुर्ची. निम्मं आयुष्य मिटून गेलं. तेवढ्यात काय काय निसटलं, कोण जाणे.

शहागंजातल्या एका सुतारानं सागाच्या पट्ट्यांवर निळं जाड कापड ताणून मला घडवलं. शहरातल्याच गारखेडा भागात राहणाऱ्या श्रीधररावांनी मला घेतलं, तेही चारदा बसून आणि पाचदा उठून. संख्याशास्त्राचे प्राध्यापक, पण काही ठरवायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. पुढं मी कित्येक वर्षं दारामागंच होते.

ते निवृत्त झाले. शेजारचे बंगले पडून फ्लॅट उठले, ओळखीची माणसं पांगली. त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंना दिवसभर बोलायला कुणी उरलं नाही. लहान गावात राहायला जायचं दोघं म्हणत होते, पण कोणत्या?

"दिवाळीपर्यंत ठरवा," बाई म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा विषय नको."

श्रीधररावांनी तक्ता आखला. दवाखाना, पाणी, वाचनालय, भटकी कुत्री, असे अकरा रकाने. प्रत्येक गावात मला रस्त्याकडेला उघडायचं, तासभर बसायचं आणि गुण द्यायचे.

फर्दापुरात टेकतात न टेकतात तोच एक गाईड धावत आला. "साहेब, लेणी दाखवू? खुर्चीसकट नेतो!" बाई हसून बेजार. रावांनी शांततेचे दोन गुण कापले.

सिल्लोडला मक्याचा हंगाम होता. ट्रॅक्टरांची रांग, धूळ. राव भराभर शून्यं मांडत होते. समोरच्या घरातल्या गोजरबाई ओट्यावरून ओरडल्या, "आवं गुरुजी, रस्त्यावर काय बसले? गावात घरं नायत व्हय? मिटा ती खुर्ची! ताई, तुमी बी या. कणसं भाजायले मी."

मला मिटून भिंतीला टेकवलं. आत बाजेवर दोघींच्या गप्पा अशा रंगल्या, की बसची वेळ झाली तरी बाई हलेनात.

"अगं, तक्ता अपुरा राहिला."

"राहू द्या हो. तुम्ही कणीस खा."

महिनाभर रावांनी आकडेमोड केली आणि घसा खाकरून सिल्लोड जाहीर केलं. कारण काय, तर दवाखाना जवळ!

आता मी इथल्या ओट्यावर असते. कापड विटलंय, एक पाय डुगडुगतो. कुणीही येऊन बसतं. बसा, फक्त धाडकन नको.

परवा, सहा वर्षांनी, गोजरबाईंच्या तोंडून एक गोष्ट पक्की कळली. त्याच दिवशी, हातात अर्धं कणीस असताना, दमयंतीबाईंनी पलीकडचं घर पाहून घरमालकाला सांगून टाकलं होतं, "दिवाळीआधी येतो आम्ही."