सुदामची जागा

दीनानाथांनी सायकल भिंतीला टेकवली आणि चपला न काढताच ते ओसरीवर उभे राहिले. हातात घडी घातलेलं साप्ताहिक होतं.

"वाच," ते मुलीला म्हणाले. "आज कचेरीत चार जणांनी मला हे दाखवलं. पाचव्याच्याही हातात होतं, पण तो बिचारा संकोचानं लपवत होता."

गुंजननं घडी उलगडली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरं होती : 'खेड्यांत सरणं पेटताहेत आणि नेरमध्ये बँड वाजणार!' खाली विठ्ठलरावांचं नाव. विठ्ठलराव म्हणजे नेरमधले निवृत्त मुख्याध्यापक. गुंजनला सातवीत त्यांनीच विज्ञान शिकवलं होतं. त्यांचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नसे.

"बाबा, मी ठरवलेला बँडचा कार्यक्रम फुकट आहे. कोणाकडून वर्गणीसुद्धा मागितली नाही."

"फुकट आहे म्हणून कोणी कमी बोलतं का बेटा? उलट फुकटच्या गोष्टीवर बोलायला तिकीट लागत नाही!"

वाचकहो, ते २००६ साल होतं. कापसाचा भाव पडला, कर्जापायी शेतकरी जीव देऊ लागले, आणि आपल्याकडचे लग्नाचे मांडव लहान झाले. मांडव लहान झाला की पहिली कात्री कशाला लागते, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. हुंड्याला लागत नाही, मानपानाला लागत नाही. लागते ती बँडवाल्याला! त्या लग्नसराईत नेर, दारव्हा, बोरी अरब इथल्या बँड पार्ट्यांचे झगझगीत कोट खुंटीवरच राहिले होते.

गुंजन बी.एस्सी. होऊन कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कामाला लागली होती. बोरी अरबचे बँडमास्तर बाबाराव तिला आदल्या वर्षी एका लग्नाच्या वरातीत भेटले. तिनं त्यांना कुतूहलानं प्रयोगशाळेत नेलं आणि एकाच कंपनसंख्येचा आकडा कोरलेले दोन नादकाटे त्यांच्या कानापाशी वाजवले. बाबारावांनी डोळे मिटले. "हा दुसरा जरासाक उतरला हाय, बाई," ते म्हणाले. गुंजननं दोन्ही काटे एकत्र वाजवून पाहिले. आवाज हलकेच थरथरत कमी-जास्त होत होता, म्हणजे फरक होता. सेकंदाला दोन कंपनांचा. इतक्या वर्षांत तो कोणाही प्राध्यापकाच्या ध्यानात आला नव्हता.

असा कान असलेला माणूस रिकामा बसलाय, हे तिला सहन होईना. म्हणून तिनं ठरवलं, मार्चच्या शेवटच्या रविवारी बाजाराच्या मैदानात तीन गावच्या तीन बँडांचा खुला कार्यक्रम करायचा. उघड्या आभाळाखाली, सर्वांसाठी.

बाबारावांनी हे ऐकून डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "बाई, माह्यं एक काम होते यानं. आमच्यात वाजवणारा माणूस गेला, की वर्षाच्या आत एक डाव त्याची जागा रिकामी ठेवून वाजवा लागते. रांगेत तो जिथं उभा राहे तिथं कोनी उभं नाई राहाचं, अन् त्याचे सूर कोनी भराचे नाई. तवा तो सुटला म्हनते. आमचा सुदाम ट्रंपेट वाजवे. गेल्या आषाढात त्यानं... जाऊ द्या. तवापासून एक बोलावनं नाई आलं आमाले."

"मग तुम्ही आपसांत का नाही वाजवत, मास्तर?"

"बोलावल्याबिगर बँड वाजत नाई, बाई. समोर मानसं पाह्यजे. इतका मान तं ठेवा लागते ना त्याचा!"

ही रीत गुंजनला फार विलक्षण वाटली. तिनं ती वहीत टिपून ठेवली, तारखेसकट. टिपून ठेवलेली गोष्ट मनात उतरतेच असं नाही, हे तिला तेव्हा कळलं नाही.

लेख आला त्याच संध्याकाळी विठ्ठलराव स्वतः घरी आले. ते रागावले नव्हते, हेच कठीण होतं. चहाचा कप हातात धरून ते शांतपणे म्हणाले, "गुंजन, तुझा हेतू वाईट नाही. पण जिचं कुंकू पुसलं गेलंय, त्या बाईच्या कानांवर हे ढोल-ताशे कसे पडतील, याचा विचार केलास? वर्षसुद्धा झालं नाही पोरी!"

प्रयोगाचे सगळे घटक तिनं मोजले होते. मैदानाची लांबी, वाऱ्याची दिशा, बँडांमधलं अंतर. हा एक घटक राहून गेला होता! तिला स्वतःचीच लाज वाटली. दीनानाथही खाली मान घालून बसले होते. उद्या कचेरीत सहावा माणूस काय म्हणेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर आधीच लिहिलेलं होतं.

गुरुवारी तिनं बाजारातल्या फलकावर कागद लावला : 'शोकग्रस्त भगिनींच्या भावनांचा आदर राखून कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे.' विठ्ठलरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं बोरीला फोन लावून बाबारावांना फोनवर बोलावून घेतलं आणि कागद वाचून दाखवला. पलीकडून "बरं" एवढंच आलं. थोड्या वेळानं पुन्हा, "बरं."

रविवारी चार वाजता ती मैदानावर गेली. मंडपवाल्याच्या दोन सतरंज्या तिथंच राहिल्या होत्या, त्या परत करायच्या होत्या. ऊन अजून कललं नव्हतं. मैदानाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, तिशीतली एक बाई बसली होती. कपाळ मोकळं होतं. मांडीवर जुन्या लुगड्याच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"बाई, बँड कवा चालू व्हते?" तिनं विचारलं.

"तुम्ही कुठून आलात?"

"बोरीपासून आत गाव हाय आमचं, फोन-बिन नाई तिथं. यष्टीनं आली. मास्तर मांगच्या हप्त्यात सांगून गेलते, का सुदामची जागा धरून राह्यलो म्हणून." तिनं फडकं जरा बाजूला केलं. आत पितळेचं ट्रंपेट होतं, चिंच लावून लख्ख घासलेलं. "हे त्यायचं हाय. म्हटलं, रांगेत ठेवता आलं तं ठेवू. म्या उशीर तं नाई केला?"

तिचं नाव कोकिळा. सुदामची बायको.

गुंजननं हातातली सतरंजी तिथंच अंथरली. "कार्यक्रम रद्द झाला, ताई," ती कशीबशी म्हणाली.

"काहून? कोनी गेलं का?"

किती साधा प्रश्न! गुंजनला खोटं सांगता आलं असतं. पाऊस आला म्हणता येत नव्हतं, पण वीज गेली म्हणता आलं असतं. ती सतरंजीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. लेख, विठ्ठलराव, फलकावरचा कागद. कागदावरचे शब्दही जसेच्या तसे सांगितले.

कोकिळानं ते शब्द पुन्हा एकदा म्हणायला लावले. "शोकग्रस्त म्हंजे मीच ना?"

"हो."

"मंग मले कोनं इचारलं?"

गुंजननं तिच्यासाठी सतरंजीवर जागा केली.

"तेरवीले लोक आले, जेवले, गेले," कोकिळा सावकाश बोलू लागली. "त्याच्यानंतर बाया मले पाहून विहिरीवर गप्प होते. शेजारच्या पोरीले पाहाले पाहुने आले, तं मले सांगतलं नाई. माह्या दारावरून वरात जाऊन राह्यली तं वाजा बंद करून जाते. म्हनते, दुखाले शांतता पाह्यजे. अव माय, शांतता तं माह्या घरात लय हाय! ते ऐकाले मी यष्टीनं कायले येऊ?"

ती रागानं बोलत नव्हती. रागानं बोलली असती, तर गुंजनला सोसलं असतं.

"ते घरी सराव करे, तवा मी भाकरी थापू. त्यायची बोटं मले पाठ हाय. मास्तर एक ओळ वाजवे, अन् हे जवाब देत. लोकायले वाटते, बँड म्हंजे लगन, बँड म्हंजे हासनं. आमच्या घरी बँड म्हंजे मानूस होता, बाई. तुमी मले नाई वाचवलं दुखापासून. तुमी त्यायले पुन्हा एक डाव गप्प केलं."

तिनं फडक्याची गाठ पुन्हा मारली आणि उठली. "बोरीची यष्टी किती वाजता हाय?"

गुंजन तिला स्टँडवर सोडायला गेली. येताना ती घरी गेली नाही, थेट विठ्ठलरावांकडे गेली. त्यांना तिनं फक्त घडलं ते सांगितलं, कोकिळाच्याच शब्दांत. ते खुर्चीत मागे रेलले. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. "मी पस्तीस वर्षं मुलांना सांगितलं, की निरीक्षणाआधी निष्कर्ष काढू नका," ते म्हणाले. "आणि मी स्वतः अशा एकाही घरी गेलोसुद्धा नाही!" पुढच्या अंकात त्यांच्या नावानं दोनच ओळी आल्या : 'मी ज्यांच्या वतीनं लिहिलं, त्यांना विचारलं नव्हतं. माझं चुकलं.'

पण चूक कबूल केली म्हणून गेलेले दिवस परत येतात थोडेच!

कार्यक्रम पुन्हा ठरला जूनच्या पहिल्या रविवारी. त्याआधी परवानगी मिळाली नाही, आणि मग बाकी दोन बँडांची जुळवाजुळव होईना. या वेळीही बोलणारे बोललेच. गुंजन प्रत्येकाचं ऐकून घेई आणि एकच विचारी, "हे तुमचं म्हणणं आहे, की दुसऱ्या कोणाचं? दुसऱ्याचं असेल तर चला, त्याला विचारून येऊ." बहुतेक जण तिथंच थांबत. कोकिळाला बोलवायला ती स्वतः गेली.

त्या संध्याकाळी मैदान भरलं. दीनानाथ सगळ्या कचेरीला घेऊन आले होते. विठ्ठलराव गर्दीच्या मागे उभे राहिले. पुढच्या खुर्चीवर बसायला त्यांनी नकार दिला. आधी दारव्ह्याचा बँड वाजला, मग नेरचा. शेवटी बाबारावांची माणसं लाल कोट घालून आली आणि रांगेत उभी राहिली.

रांग पाहून गुंजन बाबारावांपाशी गेली. मार्चमध्ये ही दहा माणसं होती आणि जागा रिकामी होती एक. आता उभे होते पाच जण.

"बाकीचे, मास्तर?"

"दोघं सुरतले गेले, बाई. तिघं पुण्याले, बांधकामावर. तुमचा फोन आला, त्याच्या दुसऱ्या हप्त्यात. म्हनले, आता काय वाजते इथं." बाबारावांनी कोणालाच दोष दिला नाही. "पन म्या ज्याची जागा त्याची ठेवली हाय."

अकरा जागांची ती लांब रांग आता मधूनमधून दात पडलेल्या तोंडासारखी दिसत होती. सहा रिकाम्या जागा. कोकिळा फडकं छातीशी धरून पुढे आली आणि गोंधळून थांबली.

"मास्तर, याच्यातली त्यायची कोनती?"

बाबारावांनी डावीकडून मोजलं, तिसऱ्या जागेवर बोट दाखवलं. तिनं ट्रंपेट तिथं मातीवर ठेवलं, पदर डोक्यावरून सारखा केला आणि प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत येऊन खाली बसली.

बिदाईची चाल सुरू झाली. बाबारावांच्या क्लॅरिनेटनं एक ओळ म्हटली. मग जवाबाची जागा आली, आणि नुसता ढोल चार मात्रा वाजला. पुन्हा ओळ, पुन्हा शांतता. पण इतके सूर गावाबाहेर निघून गेले होते, की चालीत जागोजागी भोकं पडली होती. गुंजन मोजत राहिली, आणि तिला कळेना, यातली कोणती शांतता सुदामची आणि कोणती आपण केलेली.

मग तिची नजर कोकिळाकडे गेली. कोकिळाच्या गुडघ्यावर उजव्या हाताची तीन बोटं होती. मधल्या सगळ्या भोकांवर ती स्थिर राहत. आणि ठरावीक त्या चार मात्रा आल्या, की तीच बोटं ट्रंपेटची बटणं दाबावी तशी हलत. एक, तीन, दोन, एक. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोटं चुकत नव्हती.

वाचकहो, टीका करणाऱ्यानं टीका जरूर करावी आणि काम करणाऱ्यानं ती ऐकावी. पण ज्याच्या दुःखाचं नाव घेऊन आपण बोलतो, त्याच्या दारापर्यंत आधी चालत जावं. त्याला विचारावं. आपल्या सद्भावनेचं झाकण त्याच्या तोंडावर बसवू नये.

भरलेल्या त्या मैदानात सुदामची जागा कोणती, हे एकाच बाईला ऐकू येत होतं. आणि हे सूर तिच्या कानांवर पडू नयेत, असं आपणच ठरवलं होतं!